म्हातारे सकाळी, तरुण दुपारी

"नळ्या बदलल्या म्हणा आणि मोकळ्या व्हा," साखळकर सर म्हणाले. "आज आमरस आहे."

प्रमिला फेगडे मोकळी झाली नाही. यंत्रातून निघालेला आकड्यांचा लांबलचक कागद तिने पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला आणि त्याची घडी घातली.

"नाही बदलल्या, सर."

"अहो, होतं असं. उन्हाळा आहे. गेल्या वर्षी एका गृहस्थाने उंदराचं यकृत डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि स्वतःचा डबा बर्फात. कोणी काही म्हटलं का? 'चुकून' असा एक शब्द असतो मराठीत. तो म्हणायचा."

"पण चुकून झालं नाही, तर चुकून कसं म्हणू?"

साखळकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी एअरकंडिशनरकडे पाहिलं. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात आमच्या त्या संशोधन मंदिरात थंडावा एवढ्या एकाच खोलीत होता. तो माणसांसाठी नव्हता, मोजणीच्या यंत्रासाठी होता. यंत्र परदेशातून आलेलं होतं, आम्ही पुण्यात कुठून कुठून आलो होतो. त्यामुळे काही ना काही मोजायचं निमित्त काढून सगळे तिथेच घुटमळत.

"निमकर, तुम्ही हिचे जोडीदार. तुम्ही तरी समजवा," साखळकर म्हणाले. "तुमचा कागद काय सांगतोय? म्हातारे उंदीर तरुण आणि तरुण उंदीर म्हातारे. बाकी सगळ्या जोड्यांचे आकडे बरोबर आलेत. तुमच्या दोन नावांची अदलाबदल केली की तुमचेही बरोबर. इतके बरोबर, की सगळ्यांत सुरेख आलेख तुमचा होईल. आणि मग त्या जागेचं..." ते थांबले. "मी जास्त बोलत नाही. रस संपतो."

ते गेले. प्रमिलाने घडी उघडली आणि पुन्हा वाचायला लागली.

जागेचं सांगायला हवं. तो उन्हाळी वर्ग तरुण संशोधकांसाठी होता. विषय हॉर्मोन, त्यांचे रिसेप्टर आणि म्हातारपण. हॉर्मोन म्हणजे रक्तातून निरोप घेऊन हिंडणारं रसायन, आणि पेशीत तो निरोप घ्यायला जे बसलेलं असतं ते रिसेप्टर. वर्गाच्या प्रमुख डॉक्टर शशिकला टिपणीस यांचा सिद्धांत असा होता की म्हातारपणी निरोप पूर्वीइतकेच सुटतात, ते घेणारे कमी होतात. माझ्या वडिलांच्या अनुभवावरून मला हे पुण्याला यायच्या आधीच पटलेलं होतं.

टिपणीसबाई जूनअखेर निवृत्त होणार होत्या. पण 'म्हातारपणी रिसेप्टर का कमी होतात' असा एक मोठा प्रकल्प त्यांनी दिल्लीला पाठवला होता. तो मंजूर झाला की त्यांना आणखी काही वर्षं खोली, उंदीर आणि एक संशोधन सहायक मिळणार होता. ती सहायकाची जागा वर्गातल्या सर्वोत्तम विद्यार्थ्याला, हे कुठे छापलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

मी शर्यतीत नव्हतो. आमच्या मुंबईच्या प्रयोगशाळेतून कोणाला तरी पाठवायचं होतं, आणि माझ्या गैरहजेरीने काम अडणार नाही यावर तिथे एकमत होतं. पुढे काही वर्षांनी मी विज्ञान सोडून वर्तमानपत्रात टवाळी लिहायला लागलो, तेव्हाही तिथे असंच एकमत झालं.

शर्यत दोघांत होती. एक वसईचा फ्रान्सिस तुस्कानो, माझा खोलीतला सोबती. हुशार, आणि ते स्वतःला माहीत असलेला. दुसरी प्रमिला. ती रावेरकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. दर एप्रिलात कॉलेज तिला काढायचं आणि दर जूनमध्ये परत घ्यायचं. सहा वर्षं हे चाललं होतं. उन्हाळाभर ती कायद्याने बेकार असायची. आणि सहायकाच्या जागेला वयाची अट होती. म्हातारपणाच्या प्रकल्पाला तिशीपुढचं माणूस चालत नसे, आणि प्रमिलाची तिशी ऑगस्टमध्ये पूर्ण होत होती. अशी जागा पुन्हा निघाली तरी तिच्यासाठी निघणार नव्हती.

एवढं असताना ती 'चुकून' म्हणेना.

घडलं होतं ते असं. रोज एका जोडीची पाळी असायची. सकाळी तरुण उंदीर घ्यायचे, दुपारी म्हातारे. यकृताचा रस काढायचा, यंत्रात गरगर फिरवायचा, त्यात खूण केलेलं हॉर्मोन घालायचं आणि दुसऱ्या दिवशी किती चिकटलं ते मोजायचं. जेवढं चिकटलं तेवढे रिसेप्टर. सकाळी तरुण आणि दुपारी म्हातारे ही बाईंच्या प्रयोगशाळेची रीत होती, आणि तिला कारण होतं. म्हातारा उंदीर बाजारात मिळत नाही. तो दोन वर्षं खाऊ-पिऊ घालून तयार करावा लागतो. म्हणून नवख्यांनी सकाळी स्वस्तातल्या तरुणांवर हात बसवायचा आणि मग दुपारी महागाच्या म्हाताऱ्यांना हात लावायचा. बाईंच्या हाताखाली वर्ग सांभाळणाऱ्या साखळकरांनी हे वेळापत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

आमची पाळी गुरुवारी होती. दारावर चिठ्ठी, दुपारी बारापासून वीज बंद. साखळकर सर आंब्याच्या पेट्या आणायला मार्केट यार्डात गेलेले.

"वीज गेली तर दुपारचे फुकट जातील," प्रमिला म्हणाली. "म्हातारे आधी घेऊ."

"वेळापत्रकात तरुण आहेत."

"वेळापत्रकात वीज जाणार म्हणून लिहिलंय का, निमकरभाऊ?"

"नाही."

"मग? तरुण काय, उद्याही मिळतील. हे बिचारे दोन वर्षं सांभाळलेत कोणीतरी." आणि तिने पिंजऱ्यात हात घातला. तिचा हात बसवायची गरजच नव्हती. सहा वर्षं पोरांसमोर बेडूक आणि उंदीर उघडून तो इतका बसला होता, की माझं काम पुसायला कापूस देणे एवढंच उरलं.

बाराला वीज गेली नाही. एकला गेली नाही. दोनला आम्ही तरुण घेतले, तेव्हाही पंखा आमच्या डोक्यावर फिरतच होता. वीजवाल्यांनी त्या दिवशी शब्द पाळला असता तर मला ही गोष्ट सांगावी लागली नसती.

* * *

आमरस झाला. तिने घेतला नाही, म्हणून मलाही नीट घेता आला नाही. दोनच वाट्या घेतल्या.

आमची राहायची सोय एका शाळेच्या वसतिगृहात होती. मुलं सुट्टीवर, त्यामुळे खाटा मुलांच्याच मापाच्या. तुस्कानो साडेसहा फुटांच्या आसपास होता. तो झोपला की त्याचे पाय खोलीच्या दारातून व्हरांड्यात जात. दुपारी तो तसाच पडून होता.

"फेगडेबाई 'चुकून' म्हणाल्या का रे?"

"नाही."

"मग जागा माझी." त्याने कूस बदलली. खाट करकरली. "असं मिळालेलं मला आवडत नाही."

"मग घेऊ नकोस."

"घेईन. आवडत नाही एवढंच म्हणतोय." थोड्या वेळाने तो उठून बसला. "तिच्या उंदरांना च्यवनप्राश घातला होता का कोणी? विचार तरी तिला."

मला त्या दिवशी कुठेच बसवत नव्हतं. मी व्हरांड्यात गेलो, नळावर तोंड धुतलं, पुन्हा आत आलो, पुन्हा तोंड धुतलं. शेवटी मुलींच्या बाजूच्या पायरीवर प्रमिला दिसली. मांडीवर तो कागद, शेजारी केळ्याच्या वेफर्सची पिशवी. पिशवी तिने माझ्याकडे सरकवली.

"मला एक सांगा," मी म्हणालो. "शंभर टक्के खात्री आहे तुमची?"

"यकृत हातात धरलं होतं मी. म्हाताऱ्याचं गर्द असतं, कडा बोथट. डोळे मिटून कळतं. आणि नळ्यांवर नावं तुम्ही घातलीत."

"म्हणून तर विचारतोय."

ती हसली, पण लगेच थांबली. "तुमचं अक्षर वाईट आहे, पण खोटं नाही."

"फेगडेबाई, एक शब्द आहे. तुमचं आयुष्य बदलेल. उंदीर काही तक्रार करायचे नाहीत, ते गेलेत."

"भाऊ, सहा वर्षं मी पोरांना सांगते, आकडा येईल तसा लिहा."

"पोरं लिहितात?"

"कोण लिहितंय! पुस्तकातला उतरवतात. पण सांगते तर मी." तिने वेफर्स मुठीत घेतले आणि खाल्ले नाहीत. "रात्रभर विचार केला म्हणून सकाळी वेगळं सुचेल असं नाही. मला ना, बसूनबसून पाय दुखायला लागलेत."

आम्ही उठून वसतिगृहाला एक चक्कर मारली. मग आणखी एक. तिसऱ्या फेरीला तुस्कानोही आला आणि म्हणाला, "काय ठरलं?" काहीच ठरलं नव्हतं. तोही फिरायला लागला.

* * *

शनिवारी दुपारी बाईंचं बोलावणं आलं.

टिपणीसबाई लहान चणीच्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. बोलताना पेन्सिलीचं टोक टेबलावर आपटत आणि ते थांबलं की समोरच्याने घाबरायचं असा तिथला संकेत होता. त्यांच्या बाजूला साखळकर उभे होते. बसायला खुर्ची होती, पण बाईंसमोर ते अठरा वर्षांत बसले नव्हते.

"बाई, किरकोळ आहे," साखळकर म्हणाले. "मिस फेगडे जरा भावनाप्रधान आहेत. नळ्यांची अदलाबदल झालीय, मान्य करत नाहीत."

"झाली नाही, बाई," प्रमिला म्हणाली.

पेन्सिल चालूच होती. "सकाळपासून सांगा. काय काय केलंत?"

"साडेआठला पिंजरे आणले. म्हातारे दोन घेतले—"

"म्हातारे?" साखळकर उडालेच. "सकाळी? वेळापत्रक मोडलंत तुम्ही! बघा बाई! मी आंबे आणायला काय गेलो—"

"वीज जाणार होती," मी म्हणालो.

"वीज गेली का?"

"नाही."

"मग!"

पेन्सिल थांबली. बाईंनी चष्मा काढला.

"साखळकर, आपण म्हातारे दुपारी कधीपासून घेतो?"

"पहिल्यापासून, बाई."

"का?"

"तुम्हीच घालून दिलेली रीत आहे. सकाळी स्वस्तावर हात बसू दे, मग महाग."

"एकदाही सकाळी घेतले नाहीत? एखाद्या वेळी? तुमच्या पीएच.डी.च्या वेळी?"

"कधीच नाही." साखळकर ताठ झाले. "अठरा वर्षांत एकदाही शिस्त मोडू दिलेली नाही, बाई."

इतक्या अभिमानाने बोललेलं वाक्य मी नंतर फार कमी वेळा ऐकलं. बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग प्रमिलाकडे वळल्या.

"फेगडे, उंदीर झोपतो कधी?"

"दिवसा, बाई."

"उठतो?"

"दिवेलागणीला."

"आणि आपण मोजतो ते हॉर्मोन त्याच्या रक्तात केव्हा चढतं?"

"उठायच्या आधी. म्हणजे दुपार..." प्रमिला थांबली. तिचा हात तोंडाकडे गेला. "दुपारपासून चढायला लागतं."

मला काहीतरी मोठं घडल्याचं कळलं, काय ते कळलं नाही. साखळकरांनाही कळलं नसावं, कारण ते माझ्याकडे पाहत होते.

"शेवटच्या दिवशीच्या प्रात्यक्षिकासाठी म्हातारे शिल्लक आहेत ना?" बाईंनी विचारलं.

"आहेत, पण ते सोमवारी, दिल्लीच्या पाहुण्यांसमोर—"

"उद्या सकाळी लागतील."

"उद्या रविवार आहे, बाई."

"उंदरांना ते कोणी सांगितलंय?"

बाहेर आल्यावर मी प्रमिलाचा रस्ताच अडवला. "मला समजावून सांगा. हळू सांगा."

"भाऊ, तुम्ही एसटीने जाता ना कधी? गाडी स्टँडला लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकतात. तुम्ही मागून चढलात आणि बसायला जागा नाही. म्हणून गाडीत बाकंच कमी आहेत म्हणाल का?"

"रुमाल पडलेत म्हणेन. शिव्याही देईन."

"तेच. दुपारी उंदराचं स्वतःचं हॉर्मोन चढलेलं असतं. ते आधीच जागा धरून बसलेलं. आपलं खूण केलेलं मागाहून जातं, त्याला बसायला मिळत नाही. आकडा कमी येतो. आपण म्हणतो, रिसेप्टर कमी झाले."

"आणि इथे म्हातारे नेहमी दुपारी."

"अठरा वर्षं."

"म्हणजे गाडी जुनी झाली म्हणून नाही—"

"दुपारची आहे म्हणून. हे आपण सगळ्यांनी बी.एस्सी.ला लिहिलंय, भाऊ. मार्क पडलेत त्याला." ती एकदम आनंदात आली होती. झपाझपा चालत होती. "म्हणून आपले तरुण म्हातारे दिसले! दुपारी घेतले ना आपण ते!"

मीही आनंदात आलो. आणि मग, फाटकापाशी, मला तो प्रकल्प आठवला.

"प्रमिलाबाई, 'म्हातारपणी रिसेप्टर का कमी होतात' असं त्याचं नाव आहे."

"हो."

"कमी होतच नसतील, तर प्रकल्प कशाचा?"

तिचं चालणं थांबलं. फाटकाच्या गजाला धरून ती उभी राहिली. गज उन्हाने तापला होता. तिने हात काढला, पाहिला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

"आणि जागा कसली," ती म्हणाली.

* * *

रविवारी सकाळी बाई स्वतः टेबलाशी उभ्या राहिल्या. कित्येक वर्षांत त्यांनी उंदराला हात लावला नव्हता. साखळकर दोनदा पुढे झाले, बाईंनी दोनदा कोपराने मागे केलं.

"फेगडे, तुम्ही तरुण घ्या, मी म्हातारे घेते. एकाच वेळी. एकमेकींसाठी थांबायचं नाही आणि पुढेही जायचं नाही."

दोघी समोरासमोर काम करत होत्या. बाईंचा वेग कमी होता, हात स्थिर होता. प्रमिला त्यांच्या हाताकडे बघून आपला वेग आवरत होती. मी नळ्यांवर नावं घातली, या खेपेला छापील अक्षरांत. साखळकर घड्याळ घेऊन उभे होते, आणि कोणीही विचारलं नसताना मधूनमधून वेळ सांगत होते.

त्या दिवशी दुपारी करण्यासारखं काहीच नव्हतं. नळ्या बर्फात होत्या. तुस्कानो, मी आणि प्रमिला वसतिगृहाभोवती फिरत राहिलो. तुस्कानोने दोन वेळा विचारलं, "म्हणजे आता जागा माझीही नाही?" दुसऱ्यांदा तो हसला. "बरं झालं. आवडत नव्हतंच."

सोमवारी सकाळी, समारोपाच्या आधी, यंत्राने कागद सोडला. थंड खोलीत आम्ही चौघं. बाईंनी कागद फाडला, वाचला, उलटा धरून पाहिला. मागे काही नव्हतं.

"फरक नाही," त्या म्हणाल्या. "म्हातारे आणि तरुण सारखे."

साखळकर भिंतीला टेकले. आणि तेव्हा त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदा वाईट वाटलं. "बाई, माझी पीएच.डी. आहे त्यावर."

"माझं अर्धं आयुष्य आहे, साखळकर. तुमची पदवी कोणी परत मागायला येत नाही. छापून आलेलं लोक परत वाचतसुद्धा नाहीत."

"निदान आज तरी बोलू नका! पाहुणे अकराला येताहेत. जुलैमध्ये मंजुरी येईल. ती येऊ दे, खोली राहू दे. मग आपण सकाळ-दुपार काय ते शांतपणे तपासू. खोटं कुठे बोलतोय आपण? थांबतोय फक्त." ते प्रमिलाकडे वळले. "मिस फेगडे, तुमच्यासाठीच म्हणतोय मी. जागा तुमचीच आहे आता. कोणी नाही म्हणणार नाही."

हे खरं होतं. ते इतकं खरं होतं की मला घाम फुटला, आणि तो त्या खोलीत फुटणं सोपं नव्हतं.

बाईंनी कागद प्रमिलाच्या हातात दिला.

"ते म्हणतात ते होण्यासारखं आहे. थांबलं तर प्रकल्प मिळतो, आणि त्यातली जागा तुमची. बोललं तर प्रकल्प नाही. मला खोली नाही, तुम्हाला जागा नाही. मी माझ्यापुरतं ठरवलेलं आहे. पण निम्मं नुकसान तुमचं आहे, म्हणून विचारते."

प्रमिलाने कागदाकडे पाहिलं नाही. पायाच्या अंगठ्याने ती फरशीवर काहीतरी घासत होती. यंत्र आतून टिकटिकत होतं. मला वाटलं ही आता रडेल. मला असंही वाटलं की हिने थांबा म्हणावं. मी म्हटलं असतं.

"बाई," ती म्हणाली, "थांबायचंच होतं तर शुक्रवारीच 'चुकून' म्हटलं असतं. आमरस तरी मिळाला असता." तिने कागद परत बाईंच्या हातात दिला. "सांगून टाका."

बाईंनी मान डोलावली, पदर नीट केला आणि सभागृहाकडे निघाल्या.

भाषण अगदी लहान झालं. पाहुण्यांना हार, नारळ आणि शाल, मग बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आम्ही अठरा वर्षं म्हाताऱ्या उंदरांची दुपार मोजली आणि तिला म्हातारपण म्हटलं. या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने त्यांची सकाळ मोजली. प्रकल्पाचा अर्ज मी मागे घेत आहे." त्यांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले आणि खाली बसल्या. दिल्लीच्या पाहुण्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग शेजारच्याकडून अर्थ समजून घेतला आणि टाळ्या थांबवल्या. प्रमाणपत्रं साखळकरांनी वाटली. प्रमिलाला देताना त्यांनी दोन्ही हातांनी दिलं, डोळे मात्र वर केले नाहीत.

* * *

संध्याकाळी मी तिला शिवाजीनगरच्या स्टँडवर पोचवायला निघालो. तिची ट्रंक फाटकाशी ठेवून रिक्षाची वाट पाहत होतो. तुस्कानो चौकातून रिक्षा आणायला गेला होता. ट्रंक उचलायचीही तयारी त्यानेच दाखवली होती; काहीतरी केल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं.

"जूनमध्ये घेतील ना परत?" मी विचारलं.

"घेतील. दरवर्षी घेतात. पुढल्या एप्रिलात काढतील." ती रस्त्याकडे बघत होती. "बरं झालं नसतं का हो, भाऊ, वीज गेली असती तर?"

तेवढ्यात समोरून, छत्री हलवत, कॅनव्हासच्या बुटांत टिपणीसबाई आल्या. गाडी नाही, साखळकर नाहीत. धापा टाकत होत्या.

"गेल्या असतील असं वाटलं मला. फेगडे, तुमच्या कॉलेजात रिकामी खोली आहे का?"

"कशाला, बाई?"

"उंदरांना. दिवसभराचं मोजायचं आहे. पहाटेपासून पुन्हा पहाटेपर्यंत, तरुण आणि म्हातारे दोन्ही. इथे आता कोणी देणार नाही मला. तीस तारखेला मी मोकळी होते."

प्रमिला ट्रंकेवर बसली. मग बाईंसमोर आपण बसलो आहोत हे लक्षात येऊन पुन्हा उठली.

"खोली आहे. प्रयोगशाळेच्या मागे. पण तिथे प्राचार्यांची सायकल असते."

"चालवतात का ते?"

"नाही. दोन वर्षं पंक्चर आहे."

"मग ती बाहेर राहील."

"बाई, तिकडे उन्हाळ्यात अंगाची लाही होते. यंत्र नाही, थंड खोली नाही. बर्फ भुसावळहून आणावा लागेल."

"नळ्या मोजायला इथे पाठवू. साखळकर मोजून देतील. विचारलंय मी." बाईंनी कपाळ पुसलं. "ते वेळेवर मोजतील, ती काळजी नको. आणि तुमचं नाव पहिलं येईल, माझं मागे. पगार मात्र मी देऊ शकत नाही."

"पगार कॉलेज देतं, बाई. एप्रिलपर्यंत."

"एप्रिलनंतर माझी पेन्शन आहे."

प्रमिलाने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग बाईंच्या बुटांकडे. तुस्कानोची रिक्षा वळणावर दिसली. तो आतून हात हलवत होता.

"प्राचार्य अर्ज मागतील," ती घाईघाईने म्हणाली. "ते सगळ्यांकडून मागतात, बाई. तुमच्याकडूनही मागतील."

"मागू देत की. काय काय लिहायचं त्यात?"

"नाव, पत्ता, शिक्षण. अनुभव किती वर्षं, ते."

"अठरा," बाई म्हणाल्या. त्यांनी छत्री मिटली, ट्रंकेची एक कडी स्वतः धरली आणि प्रमिलाने दुसरी धरायची वाट पाहिली. "फक्त दुपारचा."